गाडी पास झाली, पुढे काय?



काही इंग्रजी शब्द आपल्याकडे असे रुजले आहेत की त्यांचा अर्थ विचारावा असं कुणाला वाटत नाही. 'पासिंग' हा त्यातलाच एक. नाशिकच्या पेठ रोडवर आरटीओच्या आसपास सकाळी एखादी चक्कर मारा. रिक्षावाला, पिकअपवाला, टँकरवाला, ज्याला विचाराल तो एकच उत्तर देईल, "गाडी पासिंगला आणलीय." सरकारी कागदावर मात्र याच कामाला 'योग्यता प्रमाणपत्र' असं नाव आहे. मी कविता लिहिणारा माणूस, शब्दापाशी अडखळायची सवय. पास होणं आणि योग्य असणं हे एकच का? शाळेत पस्तीस गुण मिळाले की मुलगा पास होतो. पण पस्तीस टक्के ब्रेक लागणारी गाडी वणीच्या घाटातून खाली आणायला कुणी तयार होईल का?

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या छप्पन्नाव्या कलमानुसार भाड्यानं किंवा धंद्यासाठी चालणाऱ्या प्रत्येक गाडीला योग्यता प्रमाणपत्र लागतं. ते नसेल, तर त्या गाडीची नोंदणीसुद्धा वैध मानली जात नाही. २०१८ साली नियम बदलले. तेव्हापासून गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी ही तपासणी करावी लागते. तुमची-आमची घरची मोटार किंवा स्कूटर असेल तर नोंदणी पंधरा वर्षं चालते. मग गाडी दाखवून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यायची. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीची फी सहाशेवरून पाच हजार रुपये झाली, दुचाकीची तीनशेवरून एक हजार. गाडी वीस वर्षांच्या पुढे गेली असेल, तर २०२५ पासून याच्याही दुप्पट. त्यामुळे आता घरोघरी प्रश्न ऐकू येतो, "पासिंगच्या आधी गाडी दाखवायला चांगलं गॅरेज कोणतं हो?"

हाच प्रश्न सातासमुद्रापलीकडेही विचारला जातो. माझा एक भाचा इंग्लंडात लेस्टरला असतो. तो सांगत होता, "मामू, इथं दर वर्षी एमओटी करावी लागते. त्यासाठी भरवशाचं गॅरेज शोधणं म्हणजे भाड्याचं घर शोधण्यासारखं आहे." एमओटी म्हणजे तिथल्या जुन्या परिवहन मंत्रालयाची आद्याक्षरं. १९६० साली ही तपासणी सुरू झाली, तेव्हा ती फक्त दहा वर्षं जुन्या गाड्यांना होती आणि ब्रेक, दिवे, स्टिअरिंग एवढंच पाहत. पुढे तीन वर्षांच्या गाडीपासून ती सक्तीची झाली. तिथली गंमत अशी, की गल्लीतल्या गॅरेजलाच सरकार तपासणीचा परवाना देतं. तपासणारा तोच, दुरुस्त करणाराही तोच. साहजिकच गिऱ्हाइकाच्या मनात शंका येते, की हा खरंच दोष दाखवतोय की स्वतःसाठी काम काढतोय? म्हणून काही शहाणी मंडळी नगरपालिकेच्या तपासणी केंद्रात जातात. तिथं नुसती तपासणी होते, दुरुस्ती होत नाही. मला सर्वांत आवडली ती वेगळीच गोष्ट. तिथलं सरकार स्वतःच लोकांना बजावतं, की एमओटी झाली म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला योग्य आहेच, असं समजू नका.

आपल्याकडे दुखणं दुसरं होतं. तपासणी आरटीओच्या आवारात, मोटार वाहन निरीक्षकाच्या नजरेनं व्हायची. गाड्यांची रांग लांबच लांब आणि निरीक्षक मोजके. एका गाडीच्या वाट्याला किती मिनिटं येणार? पुण्याचे श्रीकांत कर्वे यांनी याच प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. न्यायालयानं बजावलं, की ब्रेक तपासायचे तर गाडी पळवून पाहावी लागेल आणि त्यासाठी आरटीओकडे अडीचशे मीटर लांबीचा ट्रॅक हवा. ट्रॅक नाही तर योग्यता प्रमाणपत्रही नाही. मग राज्यात ठिकठिकाणी जागांची शोधाशोध सुरू झाली. यंत्रांनी गाडी तपासणारं राज्यातलं पहिलं केंद्र मात्र आपल्या नाशिकमध्ये उभं राहिलं, हे नाशिककरांनी लक्षात ठेवावं. तिथं चाकं रोलरवर चढतात. उजव्या-डाव्या चाकाला ब्रेक सारखा लागतो का, दिव्याचा झोत कुठं पडतो, धूर किती निघतो, हे यंत्र सांगतं. २०२१ साली केंद्र सरकारनं अशा स्वयंचलित केंद्रांसाठी नियम केले. त्यातलं एक कलम मला फार महत्त्वाचं वाटतं. अशा केंद्रानं फक्त तपासणी करायची. दुरुस्ती करायची नाही, सुटे भाग विकायचे नाहीत.

म्हणजे तपासणारा एका बाजूला आणि दुरुस्त करणारा दुसऱ्या बाजूला. तत्त्व चांगलंच आहे. पण त्यामुळे गाडीवाल्याला दोन दारं झिजवावी लागतात. यंत्र सांगणार, मागच्या डाव्या चाकाला ब्रेक कमी. तो का कमी, हे मिस्त्रीच सांगणार. लायनर संपलं, सिलिंडर गळतोय की ड्रम खाल्ला गेलाय, हे चाक उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणून पासिंग कुठंही होवो, गाडीचं खरं भवितव्य ठरतं ते गॅरेजात.

नाशिकला गॅरेजांचा तोटा नाही. द्वारका, वडाळा नाका, मुंबई नाका, आडगाव नाका, अंबड, सातपूर, कुठंही जा, ऑइलनं काळी झालेली जमीन दिसेल. प्रश्न गॅरेज मिळण्याचा नाहीच. प्रश्न हा आहे, की तुम्ही मिस्त्रीकडे काय मागता? "गाडी पास करून दे" म्हणता, की "गाडी नीट करून दे" म्हणता?

कारण 'पास करून देण्याची' एक वेगळी विद्या आहे. गाडीला ताजा रंग मारायचा. रिफ्लेक्टरच्या नव्या पट्ट्या चिकटवायच्या. गुळगुळीत झालेले टायर काढून त्या दिवसापुरते दुसऱ्याचे चांगले टायर चढवायचे आणि संध्याकाळी परत करायचे. हे गुपित नाही, रस्त्यावरच्या कुणालाही विचारा. यात फसतं कोण? निरीक्षक दोन तासांत घरी जातो. यंत्र तर बोलून चालून यंत्र. त्याच गुळगुळीत टायरवर पावसाळ्यात कसारा घाट उतरणार असतो तो गाडीवाला आणि त्याच्यामागे बसलेली माणसं.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो. माझी नात ज्या व्हॅननं शाळेत जाते, ती व्हॅन आमच्याच गल्लीतल्या एका तरुणाची. मुलं त्याला काका म्हणतात, मी नावानं हाक मारतो. तो मला म्हणाला, "चाचा, महिन्याभरानं पासिंगची तारीख आहे. एक जण म्हणतो, गाडी ठेवून जा, पास करून आणून देतो. तुमच्या ओळखीत कुणी आहे का?" वडाळा नाक्याकडे माझे एक परिचित मिस्त्री आहेत. वय सत्तरीकडे, चष्म्याच्या काड्या दोऱ्यानं बांधलेल्या. मी त्याला त्यांच्याकडे घेऊन गेलो.

मिस्त्रींनी कागद मागितलेच नाहीत. पुढचं चाक जॅकवर उचललं, वरून-खालून दोन्ही हातांनी धरलं आणि हलवलं. खट्‌ असा बारीक आवाज आला. पुन्हा हलवलं, पुन्हा तोच आवाज. मग आडवे होऊन गाडीखाली शिरले. बाहेर आले ते हात पुसत म्हणाले, "बेटा, बॉल जॉइंट गेलाय. मागचा ब्रेक सिलिंडरही गळतोय. आज यात मुलं बसवू नकोस."

त्या तरुणाचा चेहरा उतरला. "चाचा, सर्टिफिकेट तर अजून महिनाभर चालू आहे. सुटा भाग यायला तीन दिवस लागणार म्हणता. तीन दिवस गाडी उभी राहिली, तर हप्ता कुठून भरू?"

मिस्त्री रागावले नाहीत. म्हणाले, "आत्ता जॉइंटनं चाक धरून ठेवलंय. किती दिवस धरील ते मला सांगता येत नाही. सांगता आलं असतं, तर तीन दिवस चालव म्हणालो असतो."

यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. गाडी तिथंच ठेवून आम्ही रिक्षानं परत आलो. संध्याकाळी मी त्याच्यासोबत मुलांच्या घरोघरी गेलो. तीन दिवस मुलांना तुम्हीच सोडा, असं सांगायला. काही जणांनी समजून घेतलं. एक बाई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत." एक गृहस्थ मात्र वैतागले. "त्याच्याकडे कागद आहे ना? मग गाडी बंद कशाला?" आणि महिन्याच्या पैशांतून तीन दिवसांचे कापूनही घेतले.

त्या गृहस्थांना मी दोष देत नाही. सकाळी कामावर जायच्या घाईत मुलाला शाळेत सोडणं किती अवघड, हे मला माहीत आहे. पण त्यांच्या प्रश्नातच आपल्या सगळ्यांचा समज दडलेला आहे. कागद आहे, म्हणजे गाडी ठीक आहे. वास्तविक तो कागद एवढंच सांगतो, की अमुक तारखेला, अमुक वेळी गाडी दाखवली तेव्हा ती बरी होती. त्यानंतर ती गाडी हजारो किलोमीटर पळाली, खड्ड्यांतून गेली, तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त दप्तरं आणि मुलं बसली. कागदाला यातलं काही कळत नाही.

आमच्या गझलेच्या प्रांतात असंच असतं. नवखा कवी ओळ घेऊन येतो, आम्ही लघु-गुरू मोजतो. मात्रा बरोबर, यमक बरोबर, ओळ वृत्तात पास. तरीही ती ओळ वाचताना काही हलत नाही. मोजणी चुकीची नसते, ती आवश्यकच असते. पण मोजणी जिथं थांबते, तिथून पुढचं काम कवीचं असतं. तपासणी केंद्र जिथं थांबतं, तिथून पुढचं काम मालकाचं आणि मिस्त्रीचं असतं. फरक एवढाच, की वाईट ओळीनं कुणाचा जीव जात नाही.

मग चांगला मिस्त्री ओळखायचा कसा? मी गाड्यांतला जाणकार नाही. पण या निमित्तानं चार गॅरेजं पाहिली, चार चालकांशी बोललो, त्यातून जे उमगलं ते सांगतो. तुमच्याच प्रकारची गाडी रोज हाताळणारा मिस्त्री गाठा. रिक्षाचा उस्ताद ट्रकच्या एअर ब्रेकला उपयोगी पडेलच असं नाही. पासिंगच्या तारखेआधी किमान महिनाभर जा. आदल्या दिवशी गेलात, तर तो बिचारा रंगरंगोटीशिवाय काय करणार? बदललेला जुना भाग हातात मागून घ्या, पाहा आणि पावती घ्या. जो दोष दाखवताना तुम्हाला गाडीखाली वाकून बघायला लावतो, त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. आणि जो गाडी न पाहताच "होऊन जाईल, साहेब" म्हणतो, त्याला नमस्कार करून पुढे व्हा. कागदपत्रं, म्हणजे विमा, पीयूसी, कर, परमिट, हीही त्याच महिन्यात काढून तपासा. यातल्या एखाद्यामुळेही खेप फुकट जाऊ शकते.

दुसरी विनंती पालकांना. महाराष्ट्रात शालेय बसगाड्यांसाठी २०११ साली खास नियम झाले. त्यानुसार शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते आणि गाड्यांची कागदपत्रं पाहणं हे तिचं काम आहे. आपल्या शाळेतली समिती शेवटची कधी बसली, एवढं एकदा विचारा. आणि गाडी दुरुस्तीसाठी दोन दिवस बंद राहिली, तर त्या चालकाचे पैसे कापू नका. एकदा पैसे कापले, की पुढच्या वेळी तो खट्‌ असा आवाज ऐकूनही न ऐकल्यासारखं करील. हातावर पोट असलेल्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा करणार?

आता सिंहस्थ आला आहे. २०२६-२७ च्या कुंभमेळ्यासाठी देशभरातून गाड्या नाशिक-त्र्यंबकच्या रस्त्यांवर उतरणार. बाहेरच्या गाड्या कशा येतील, हे आपल्या हातात नाही. आपल्या अंगणातली गाडी कशी आहे, हे मात्र आपल्या हातात आहे.

आमच्या गल्लीतली ती व्हॅन चौथ्या दिवशी परत आली आणि पुढे महिन्यानं पासही झाली. पण तो तरुण आता दर तीन महिन्यांनी एका रविवारी, शाळा बंद असते तेव्हा, गाडी घेऊन वडाळा नाक्याला जातो. मिस्त्री चाक उचलून हलवतात, कान देऊन ऐकतात. काही निघालं नाही, तर पैसे घेत नाहीत, चहा मात्र पाजायला लावतात. या तपासणीचं कुठलंही प्रमाणपत्र मिळत नाही.

आजही रविवारच आहे. तुमच्या मुलांच्या व्हॅनवाल्या काकांचा फोन नंबर तुमच्याकडे असेलच. गाडीखाली कुणी शेवटचं केव्हा पाहिलं होतं, एवढं आज त्यांना विचारा. आवाज चढवून नको, घरातल्या माणसाला विचारतो तसं विचारा.