मधली चाकं

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून देताना "निवृत्तीनंतर खेळण्यातल्या विटांच्या आगगाड्या बनवणारा आपला मित्र" असं म्हटलं आणि मागच्या बाकांवरून हशा आला. हसा, हक्काने हसा. घरात अजूनही हसतात. बासष्ट वर्षांचा माणूस नातीच्या लेगोवर कब्जा करून बसतो म्हटल्यावर दुसरं काय होणार? पण मला दिलेल्या पंधरा मिनिटांत तुम्हाला एका गाडीची गोष्ट सांगायची आहे. तिच्यात एक कबुलीही आहे, आणि ती याच इमारतीत द्यायची राहून गेली होती.

समोरच्या टेबलावर कापडाखाली झाकलेली वस्तू म्हणजे आपल्या बार्शी लाइट रेल्वेचं इंजिन. लहान गेजची गाडी सांगायला इथे कुणाला ओळख लागत नाही. शाळेची घंटा आणि तिची शिट्टी यांतलं आधी काय व्हायचं यावर आपण पैजा लावायचो. पण इतिहास मला स्वतःला फार उशिरा कळला, म्हणून थोडक्यात सांगतो. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ही लाइन उभी केली. १८९७ मध्ये बार्शी ते आपलं कुर्डुवाडी असा पहिला तुकडा सुरू झाला. तेव्हा आपल्या स्टेशनचं नाव होतं बार्शी रोड. पुढे १९११ मध्ये ती लातूरला पोचली आणि १९२७ मध्ये पंढरपूरमार्गे मिरजेला. १९५४ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. हाच कॅल्थ्रॉप पुढे विमानातून उडी मारायचे पॅराशूट बनवायला लागला. म्हणजे उतारवयात नवे उद्योग करणारा मी काही पहिला नाही!

या माणसाचा मुख्य विचार साधा होता. रूळ फक्त अडीच फुटांच्या अंतरावर, म्हणजे ७६२ मिलिमीटर, आणि हलके. त्यावरून जड माल न्यायचा तर इंजिन असो की वाघीण, कुठल्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. वजन जास्त झालं तर चाकं वाढवायची, पण भार सगळ्यांवर सारखा. हे वाक्य लक्षात ठेवा, मी पुन्हा त्यावर येणार आहे.

आता लेगोबद्दल. आज वापरात असलेल्या विटेचं पेटंट १९५८ चं. तेव्हाची वीट आजच्या विटेवर घट्ट बसते. विटेवरच्या उंचवट्यांना आम्ही घरी गुंड्या म्हणतो. दोन गुंड्यांमधलं अंतर ८ मिलिमीटर, विटेची उंची ९.६ आणि पातळ पट्टीची उंची ३.२. म्हणजे तीन पट्ट्यांची एक वीट. गंमत पुढे आहे. पाच पट्ट्या एकावर एक ठेवल्या की होतात १६ मिलिमीटर, आणि दोन गुंड्यांची रुंदीही १६ मिलिमीटर! त्यामुळे विटा आडव्या करून, कुशीवर वळवून बसवता येतात आणि तरी माप चुकत नाही. इंजिनाचा गोल बॉयलर चौकोनी विटांतून निघतो तो या हिशोबावर. आपल्या गणिताच्या सरांनी लघुतम साधारण विभाज्य शिकवताना हे उदाहरण दिलं असतं, तर माझ्या हातावरच्या काही छड्या वाचल्या असत्या.

लेगोच्या आगगाड्या १९६६ पासून आहेत. २०१९ मध्ये नातीच्या वाढदिवसाला तशी एक गाडी घरात आली. तिने आठ दिवस चालवली आणि सोडून दिली. मी मात्र रुळाचं माप घेतलं. पाटबंधारे खात्यात आयुष्यभर आरेखक म्हणून काम केलेला माणूस, माप घेतल्याशिवाय राहवत नाही. दोन रुळांच्या आतलं अंतर ३७.५ मिलिमीटर. ७६२ ला ३७.५ ने भागलं तर उत्तर येतं वीस आणि थोडं. म्हणजे आपली गाडी विसाव्या हिश्श्याने केली, तर ती याच रुळांवर धावेल! कॅल्थ्रॉपची पंचवीस फूट लांब, सात फूट रुंद वाघीण होते ४८ गुंड्या लांब आणि १३ रुंद. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पण लेगोच्या दुकानात कुर्डुवाडीचं इंजिन मिळत नाही. खोक्यावर चित्र नाही, आत सूचनांची पुस्तिका नाही. जुने फोटो जमवले, संगणकावर आराखडा केला. तुकडे सुटे विकणारे लोक जगभर आहेत, त्यांच्याकडून मागवले. टपालखर्च आणि जकात धरून किती पैसे गेले ते मी इथे सांगणार नाही, कारण आमच्या सौभाग्यवती दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. चाकं मात्र हव्या त्या मापाची कुठेच मिळेनात. ती पुण्यात एका थ्री-डी प्रिंटिंगवाल्या मुलाकडून करून घेतली. पुढे दोन छोटी चाकं, मध्ये आठ मोठी, मागे पुन्हा दोन छोटी, अशा मांडणीचं इंजिन. एकूण साडेतीन हजारांच्या आसपास तुकडे आणि दीड वर्ष.

आणि गाडी वळणावर पडायला लागली.

सरळ रुळावर छान, वळण आलं की धाड. लेगोच्या वळणाची त्रिज्या ४० गुंड्या, म्हणजे ३२ सेंटिमीटर. माझ्या इंजिनाची आठ चाकं ताठ चौकटीत, पहिल्या आसापासून शेवटच्या आसापर्यंत १४४ मिलिमीटर. ताठ पट्टी गोलावर ठेवली तर मधे फट पडणारच. मी गणित मांडलं. टोकाची चाकं रुळावर असतील तर मधली चाकं सात मिलिमीटर बाजूला सरकायला हवीत. अशक्य. मग दुसऱ्या एका छोट्या कंपनीचे मोठ्या त्रिज्येचे रूळ मागवले, १०४ गुंड्यांचे. फरक पावणेतीन मिलिमीटरवर आला. तरी धाड! तीन महिने मी त्या पावणेतीन मिलिमीटरशी झगडत होतो. आस सैल केले, तर कनेक्टिंग रॉड अडकायला लागले.

आता अण्णांबद्दल. माझे वडील इथल्या वर्कशॉपमध्ये १९५६ ला खलाशी म्हणून लागले आणि १९९४ ला फिटर म्हणून निवृत्त झाले. अडतीस वर्षं त्यांनी हीच इंजिनं उघडली आणि जोडली. हे तुमच्यातल्या कॉलनीतल्या मुलांना ठाऊक होतं. बाकीच्यांना नव्हतं, कारण मी सांगितलं नव्हतं. आठवीत चित्रकलेच्या सरांनी विचारलं होतं, "कुणाच्या घरी हाताने काही घडवणारं आहे का? त्यांना वर्गात बोलावू." कुंभाराच्या मुलाने हात वर केला, शिंप्याच्या मुलीने केला. मी केला नाही. मी सगळ्यांना सांगत असे, वडील रेल्वेच्या ऑफिसात आहेत.

त्याच पावसाळ्यात एकदा अण्णा पाळी संपवून तसेच शाळेत आले, मी विसरलेली छत्री द्यायला. खाकी कपडे, त्यावर तेलाचे डाग, हात कोपरापर्यंत काळे. शेजारच्या बाकावरच्याने विचारलं, "कोण रे?" मी म्हणालो, "शेजारचे काका." तो मित्र आज इथे बसलाय. त्याला हे आठवतही नसेल. मला एकेचाळीस नव्हे, चांगली सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षं आठवतंय. अण्णांनी ते ऐकलं की नाही, मला माहीत नव्हतं.

२०२२ मध्ये अण्णांना पुण्याला आणलं. वय शहाऐंशी, काचबिंदूने दृष्टी जवळजवळ गेलेली. एका संध्याकाळी मी असाच चिडून बसलो होतो. त्यांनी विचारलं, "रोज काय आपटतंस रे?" मी इंजिन उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. म्हटलं, "ओळखा." त्यांनी धुरांड्यापासून बोट फिरवायला सुरुवात केली. बॉयलर, घुमट, केबिन. मग खाली चाकांवर. तिथे थांबले. एकेक चाक अंगठ्याने चाचपलं आणि म्हणाले,

"मधल्यांना पण फ्लँज ठेवलीस? मग वळणार कसं ते?"

फ्लँज म्हणजे चाकाच्या आतल्या अंगाची ती उंच कड, जी चाकाला रुळावरून घसरू देत नाही. अण्णांनी सांगितलं, लांब चौकटीच्या खऱ्या इंजिनांनाही मधली काही चाकं बिनफ्लँजची ठेवतात. टोकाची चाकं वाट धरतात, मधली नुसती रुळावर टेकून भार वाहतात आणि वळणावर हवी तेवढी आडवी सरकतात. चार दिवसांत मी मधल्या दोन जोड्यांची चाकं बिनकडेची आणि जराशी रुंद करून आणली. बसवली. इंजिनाने पूर्ण फेरी मारली. तीन महिने मी जे शोधत होतो, ते शेजारच्या खोलीत होतं. मी विचारलं नव्हतं एवढंच.

तिथून आमचं कारखान्याचं काम सुरू झालं. मी डोळे, ते हात. चढावर चाकं जागच्या जागी फिरायला लागली, तेव्हा म्हणाले, "बॅटरी मागच्या टेंडरमध्ये कशाला? इंजिनात घे, आणि वजन सगळ्या चाकांवर सारखं वाट." एकशेपंचवीस वर्षांपूर्वीचा कॅल्थ्रॉप माझ्या दिवाणखान्यात बोलत होता! पाच पट्ट्यांचा हिशोब सांगितला तर म्हणाले, "म्हणजे आमचं पॅकिंगच की." एका गोष्टीवर मात्र ते मनापासून खूश झाले. इंजिनाच्या डाव्या-उजव्या बाजूचे क्रँक एकमेकांशी काटकोनात बसवावे लागतात, नाहीतर इंजिन एका ठिकाणी अडकून बसतं. वर्कशॉपमध्ये याला क्वार्टरिंग म्हणत, आणि ते काम फार जिकिरीचं. लेगोचा दांडा अधिकच्या चिन्हाच्या आकाराचा असतो. क्रँक त्यावर चारच स्थितींत बसतो, म्हणजे काटकोन आपोआप मिळतो. अण्णांनी तो दांडा बोटांत दहा वेळा फिरवला आणि म्हणाले, "हे आमच्याकडे असतं तर किती दिवस वाचले असते."

असंच एकदा काम चालू असताना, मान वर न करता म्हणाले, "तुझ्या शाळेत एकदा छत्री द्यायला आलो होतो. तुमच्या चित्रकलेच्या सरांनी आत बोलावलं होतं मला, इंजिनाबद्दल मुलांना सांगा म्हणाले. मीच नाही गेलो. हात काळे होते." मी काही बोलू शकलो नाही. त्यांनी हात पुढे केला, "तो बारका पाना दे." पाना नव्हताच तिथे, लेगोला लागत नाही. मी एक वीट दिली. त्यांनी ती योग्य जागी लावली.

गेल्या वर्षी कार्तिकात अण्णा गेले. शेवटपर्यंत मी त्यांना ते 'शेजारचे काका' सांगितलं नाही. म्हणून आज इथे, ज्या वर्गात त्यांना यायचं होतं आणि मी येऊ दिलं नाही, त्या शाळेत सांगतोय. माझे वडील रेल्वेच्या ऑफिसात नव्हते. ते फिटर होते, आणि फार चांगले फिटर होते.

मित्रहो, आपल्यापैकी ज्यांच्या घरी अजून कुणी वडीलधारं आहे, त्यांनी आज घरी जाऊन एक प्रश्न विचारा, तुम्ही नेमकं काय काम करत होता? कसं करत होता? लहान गेज आता राहिली नाही, मार्ग रुंद झाला, ते चांगलंच झालं. पण त्या इंजिनाची मधली चाकं कशी होती हे बोटांनी सांगणारी माणसंही आता फार उरलेली नाहीत.

मुख्याध्यापकांना माझी एक विनंती आहे. ही गाडी मी शाळेला देतोय. ती काचेच्या कपाटात ठेवू नका. मुलांना खोलू द्या, मोडू द्या. तुकडे हरवले तर मी पाठवीन. फक्त वर्षातून एकदा चित्रकलेच्या सरांचा तो प्रश्न प्रत्येक वर्गात विचारला जावा, आणि ज्याचे हात काळे असतील त्याला आधी आत बोलवावं.

बोलणं पुरे झालं. बाकं भिंतीला सरकवा, रूळ मांडायला जागा लागते. दहावीच्या पोरांनी, म्हणजे तुम्हीच, पुढे या. ते कापड काढा. गाडी सोडायची वेळ झाली.