वीरबालेचा बिल्ला आणि त्याचा खर्च

ध्वजवंदनाच्या दिवशी शाळेच्या प्रांगणात गाईडच्या गणवेशातील मुली ओळीने उभ्या राहतात, तेव्हा पाहणाऱ्यांचे लक्ष प्रथम जाते ते त्यांच्या छातीवरील व बाहीवरील रंगीत बिल्ल्यांकडे. कोणाला किती बिल्ले मिळाले याची मोजदाद मुली करतात, आणि पालकही करतात. त्याच वेळी व्हरांड्याच्या पायरीवर दोनचार मुली नेहमीच्या शालेय पोशाखात बसलेल्या असतात. त्यांना गाईड व्हावयाचे नसते असे नाही. घरी पैशाची गोष्ट काढण्याचेच त्यांनी टाळलेले असते. बिल्ल्यांचा अर्थ आणि त्यामागील खर्च या दोन गोष्टींचा एकत्रित विचार करावयाचा, तो या पायरीवरील मुलींसाठी.

गाईड चळवळ इंग्लंडमध्ये 1910 साली सुरू झाली व पुढच्याच वर्षी, 1911 मध्ये, जबलपूर येथे भारतातील पहिली कंपनी निघाली. स्वातंत्र्यानंतर 7 नोव्हेंबर 1950 रोजी ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ ही एकत्रित संघटना स्थापन झाली आणि 15 ऑगस्ट 1951 रोजी मुलींची स्वतंत्र संघटनाही तिच्यात विलीन झाली. महाराष्ट्राच्या दृष्टीने अभिमानाची बाब अशी की, जागतिक गाईड संघटनेचे ‘संगम’ हे केंद्र 1966 पासून पुण्यात आहे. लहान मुली ‘बुलबुल’ म्हणून पथकात येतात आणि दहा वर्षे पूर्ण झाली की ‘गाईड’, म्हणजेच जुन्या मराठी शब्दात ‘वीरबाला’ होतात.

सर्व बिल्ले एका जातीचे नाहीत, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. पहिला बिल्ला सदस्यत्वाचा. त्यावर स्काऊटचे कमळासारखे फूल, गाईडचे त्रिदल पान आणि मध्यभागी अशोकचक्र असते. त्रिदलाची तीन पाने वचनाच्या तीन भागांची खूण होत. हा बिल्ला दीक्षाविधीच्या वेळी, वचन घेतल्यावर मिळतो. तो स्पर्धेतून मिळवावयाचा नसतो. दुसरी जात प्रगतीच्या बिल्ल्यांची. बुलबुल कोमल पंख, रजत पंख, सुवर्ण पंख आणि हीरक पंख अशी वर चढते, तर गाईड प्रवेशानंतर प्रथम, द्वितीय व तृतीय सोपान, पुढे राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार असा क्रम ओलांडते. तिसरी जात प्रावीण्याच्या बिल्ल्यांची. स्वयंपाक, शुश्रूषा, बागकाम, शिवणकाम, सायकल चालविणे अशा एकेका कामात कसोटीला उतरलेल्या मुलीला तो मिळतो.

यापैकी कोणताही बिल्ला दुसऱ्या मुलीला हरवून मिळविलेला नसतो, ही या पद्धतीची मूळ कल्पना आहे. धावण्याच्या शर्यतीत पहिली एकच येते. परंतु त्रिकोणी पट्टीने मोडलेला हात नीट बांधता आला तर संघातील आठही मुली उत्तीर्ण होऊ शकतात. असे असूनही अनेक शाळांत बिल्ल्यांना बक्षिसाचे स्वरूप आले आहे. हुशार म्हणून नावाजलेल्या चारपाच मुली निवडावयाच्या, त्यांनाच पुढच्या चाचणीस पाठवावयाचे, आणि उरलेल्यांनी संचलनाला उभे राहावयाचे, असा प्रकार दिसतो. त्याहून वाईट म्हणजे चाचणी नाममात्र घेऊन बिल्ल्यांचा पुडा एकदम मागविणे. कापडाचा तो तुकडा दुकानात थोड्या पैशात मिळतो. त्याचे मोल त्याच्या मागे उभ्या असलेल्या चाचणीचे असते, आणि ती चाचणी विकत मिळत नाही.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. ज्या मुलीच्या घरी चूल पेटते, जी विहिरीवरून पाणी आणते, धाकट्या भावंडाला सांभाळते, गोठ्यातील दोराच्या गाठी रोज मारते व सोडते, तिला गाईडच्या पुष्कळशा चाचण्या शहरी मुलीपेक्षा सोप्या जातात. उघड्यावर चूल मांडून पावसाळी हवेत जाळ धरणे हे तिला शिकवावे लागत नाही. कौशल्याच्या दृष्टीने तीच पुढे असते. मागे राहते ती गणवेशापाशी.

खर्चाची फोड केली असता हे अधिक स्पष्ट होते. वार्षिक सदस्य वर्गणी अल्प असते. बिल्ले, नोंदवही, दोरी यांनाही फार पडत नाही. मोठा भार असतो तो गणवेश, बूट, पट्टा व स्कार्फ यांचा, आणि त्याच्या खालोखाल शिबिरांचा. सुरुवातीच्या चाचण्या शाळेत व स्थानिक पातळीवर होतात. तृतीय सोपानासाठी जिल्हा पातळीवरील आणि राज्य पुरस्कारासाठी राज्याच्या चाचणी शिबिरात जावे लागते. म्हणजे मुलगी जसजशी वर चढते तसतसा प्रवास लांबतो, मुक्काम वाढतो, आणि खर्चही. प्रवेशाच्या दिवशी हे पालकांना सहसा कोणी सांगत नाही. मग तिसऱ्या वर्षी अचानक रक्कम मागितली जाते, वडील नाही म्हणतात, आणि तीन वर्षांची मेहनत तेथेच थांबते. पुढे काय काय लागणार याचा एक कागद पहिल्याच पालकसभेत वाचून दाखविला, तर निदान फसवणुकीची भावना तरी राहत नाही.

गणवेशाचा प्रश्न कंपनीने सामुदायिक रीतीने सोडविणे इष्ट. कापड ठोक घेऊन गावातच शिवून घेता येते. दहावी होऊन जाणाऱ्या मुलीचा गणवेश, पट्टा व स्कार्फ धुऊन, इस्त्री करून कंपनीच्या पेटीत जमा करण्याचा प्रघात पाडला, तर दोनतीन वर्षांत ती पेटीच निम्मी गरज भागवू लागते. मात्र पेटीतील कपडे ‘गरीब मुलींसाठी’ म्हणून वाटू नयेत. सर्वच मुलींना, कॅप्टनच्या मुलीलाही, पेटीतून घेण्याची मुभा असावी. नाहीतर जिला गरज आहे ती हात पुढे करीत नाही.

गाईडच्या नियमांतील आठवा नियम काटकसरीचा आहे. तो केवळ पाठ करून घेण्यासाठी नाही. समजा, 24 मुलींच्या शिबिराचा खर्च 6,000 रुपये आला, तर माणशी 250 रुपये पडतात. धान्य मुलींनी घरून आणले, भांडी शाळेची वापरली आणि सरपण गावाने दिले, तर हाच आकडा कितीतरी खाली येतो. ही वजाबाकी शिक्षिकेने न करता संघनायिकांच्या सभेत मुलींनीच फळ्यावर करावी. जमाखर्चाची वही त्यांच्यापैकीच एकीकडे असावी आणि दर महिन्याला सर्वांसमोर वाचली जावी.

‘खरी कमाई’ या उपक्रमाचा येथे उपयोग होतो. मुलींनी काम करून मोबदला मिळवावयाचा, ही त्यामागील कल्पना. परंतु अनेक ठिकाणी आईने घरी केलेले पोहे व वडे मुलीने शाळेत विकावयाचे आणि पालकांनीच ते विकत घ्यावयाचे, एवढाच त्याचा अर्थ उरला आहे. पैसा पालकांच्याच खिशातून येतो, फक्त वळसा घेऊन. त्याऐवजी रोपे तयार करून विकणे, वह्यापुस्तकांना कव्हर घालणे, कागदी पिशव्या करणे अशी स्वतःच्या हातची कामे घ्यावीत, व मिळालेली रक्कम पोस्टाच्या किंवा बँकेच्या खात्यात कंपनीच्या नावे ठेवावी. त्या खात्यातून शिबिराचा खर्च सर्वांसाठी सारखा उचलला, तर कोणी किती दिले हा प्रश्नच उद्भवत नाही.

ग्रामपंचायतींना यात बरेच करता येण्याजोगे आहे. महिला व बालकल्याणासाठी उत्पन्नाचा 10 टक्के भाग खर्च करावयाचा असतो. नियमात बसेल तेथे त्यातून तंबू, सतरंज्या, प्रथमोपचार पेटी यांसारखे टिकाऊ साहित्य शाळेच्या ताब्यात देता येईल. रोख रकमेपेक्षा साहित्य बरे. ते दरवर्षी नव्या मुलींच्या उपयोगी पडते. समाजमंदिर शिबिरासाठी मोकळे करून देणे, रात्री दिव्याची व पाण्याची सोय पाहणे यास तर खर्चही नाही. मुलींना मुक्कामी पाठविण्यास आईवडील कचरतात, तेव्हा सरपंचांनी वा महिला सदस्यांनी घरी जाऊन दिलेला शब्द शिक्षिकेच्या दहा चिठ्ठ्यांपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

राहिला काळाचा हिशेब. सोपानांमध्ये ठरावीक महिन्यांचे अंतर ठेवावे लागते. आठवीत दाखल झालेल्या मुलीला शाळा सोडण्यापूर्वी राज्य पुरस्कारापर्यंत पोहोचणे अवघड जाते. पाचवीत आलेल्या मुलीस पुरेसा अवधी मिळतो व खर्चही पाच वर्षांत विभागला जातो. म्हणून नावनोंदणीची यादी शाळा सुरू होताच, जून महिन्यात, पाचवीच्या वर्गापासून करावयास घ्यावी, आणि ती करताना कोणाकडे गणवेश आहे हा प्रश्न विचारू नये.