थंड प्लाझ्मा आणि न भरणारी जखम



प्लाझ्मा म्हटला की सूर्य आठवतो, कडाडणारी वीज आठवते. मग तोच प्लाझ्मा माणसाच्या उघड्या जखमेवर सोडायचा कसा?

आरगॉनसारख्या वायूवर उच्च दाबाची वीज लावली की त्याचा प्लाझ्मा होतो: त्यातले इलेक्ट्रॉन सुटतात आणि सुसाट धावू लागतात. त्यांचं तापमान हजारो अंशांत जातं. पण आरगॉनचा अणू इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे ७३ हजार पट जड. रेल्वेच्या इंजिनावर गोटी आपटावी तशी ती टक्कर. इंजिन जागचं हलत नाही. वीज नीट आवरून दिली तर वायू जवळजवळ खोलीच्या तापमानालाच राहतो. म्हणून ‘थंड’ प्लाझ्मा. अशीच आवरून दिलेली वीज वापरून जर्मन अभियंते वेर्नर फॉन सीमेन्स यांनी १८५७ मध्येच ओझोन तयार केला होता.

हे तापलेले इलेक्ट्रॉन हवेतल्या ऑक्सिजनचे, नायट्रोजनचे आणि बाष्पाचे रेणू फोडतात. त्यातून सुटा ऑक्सिजन, ओझोन, हायड्रॉक्सिल, नायट्रिक ऑक्साइड तयार होतात. जिवाणूचं आवरण, प्रथिनं, डीएनए या सगळ्यांवर ते एकाच वेळी तुटून पडतात. बरीच प्रतिजैविकं एखादाच नेमका मर्मबिंदू गाठतात आणि तो बदलून जिवाणू निसटतो. इथे निसटणं त्याला फार अवघड जातं. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं दगावली, हा अंदाज ध्यानात घेतला की मला या संशोधनाची निकड वाटते.

आपल्या पेशी मरत नाहीत का? मात्रा वाढली तर मरतात. पण त्या जिवाणूपेक्षा कितीतरी मोठ्या, आणि असे मारे सोसायला त्यांच्याकडे स्वतःची विकरं असतात. त्या फरकात डॉक्टरला काम करायचं असतं.

आता रुग्णांकडे येऊ. जर्मनीत गार्चिंगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या भौतिकशास्त्रज्ञांनी त्वचारोगतज्ज्ञांसोबत ३६ रुग्णांच्या जुनाट जखमांवर नेहमीच्या उपचारांच्या जोडीला रोज ५ मिनिटं प्लाझ्मा दिला. २०१० मध्ये निष्कर्ष आला: जिवाणूंचा भार ३४ टक्क्यांनी कमी. काचेच्या बशीत मिनिटांत लाखो जिवाणू मारणारं तंत्र जखमेत एवढंच का? कारण जखमेत पू असतो, रक्त असतं, जिवाणूंनी स्वतःभोवती विणलेला चिकट थर असतो. प्लाझ्माचा मारा मुख्यतः पृष्ठभागावर. रक्तातल्या किंवा हाडात शिरलेल्या संसर्गाला प्रतिजैविकच हवं. ‘प्रतिजैविकांचा काळ संपला’ म्हणणाऱ्यांवर म्हणूनच विश्वास ठेवू नका.

मला सर्वांत मोलाची वाटते ती २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली, मधुमेही पायांच्या जखमांवरची जर्मन चाचणी. एका गटाला प्लाझ्मा, दुसऱ्याला उपचाराचा केवळ आभास. प्लाझ्माच्या गटात जखमा लवकर आक्रसल्या; मात्र जिवाणूंच्या भारात दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही! म्हणजे जखम भरण्याचं श्रेय फक्त जिवाणू मारण्याला देता येत नाही. प्लाझ्मातले रेणू त्वचेच्या पेशींनाच कामाला लावत असावेत, असं मानायला जागा आहे.

तेव्हा उद्या कोणी असं यंत्र दाखवलं, तर वायू कोणता, अंतर किती, वेळ किती आणि चाचणी माणसांवर झाली की बशीत, हे विचारा. आणि घरात कुणाच्या पायाला जखम असेल, तर साखर ताब्यात ठेवणं, मेलेली कातडी डॉक्टरांकडून काढून घेणं, त्या पायावर भार न टाकणं, हे प्लाझ्मा मिळाला तरी चुकत नाही.