ठोका, लय आणि लहान मुले
(सोमेश्वरनगर येथील प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



संगीतावर काही बोलावे, अशी मला आज्ञा झाली आहे. परंतु मी गवई नव्हे. पेटीवर एक सरळ सूर धरण्यापलीकडे माझी मजल नाही. तेव्हा स्वरांचा प्रांत जाणत्यांकडे सोपवून मी केवळ ठोक्याविषयी बोलणार आहे. त्याला पेटी लागत नाही, तबला लागत नाही. दोन तळवे आणि दोन पाय पुरतात, व ते प्रत्येक शाळेच्या जडसंग्रहात नोंद न होताही हजर असतात.

आरंभी शब्दांचा घोळ निस्तरू. ताल, लय आणि ठोका हे शब्द आपण बोलण्यात एकाच अर्थी वापरतो. घड्याळाच्या टिकटिकीप्रमाणे सारख्या अंतराने पडतो तो ठोका. दोन ठोक्यांमधील अंतर वाढले म्हणजे लय विलंबित झाली, घटले म्हणजे द्रुत झाली. आणि ठराविक मात्रांचे आवर्तन, जसे दादऱ्यात सहा व केरव्यात आठ, तो ताल. तीन ते सात वर्षांच्या मुलाला यांतील पहिल्या दोहोंची गरज आहे. ताल पुढे यथावकाश येईल. आपण मात्र स्नेहसंमेलनाच्या घाईत नेमके शेवटचे आधी शिकवू पाहतो.

मला हे कसे उमगले ते सांगतो. त्यात माझी शोभा नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी पहिलीच्या वर्गाकडून कवायत करून घेत होतो. गळिताचा हंगाम होता, आणि ऊसतोडणीसाठी आलेल्या कुटुंबांची काही मुले वर्गात नव्याने बसू लागली होती. मी टेबलावर पट्टी आपटून संथपणे ‘एक—दोन’ म्हणत होतो. त्या मुलांतील एक मुलगी प्रत्येक वेळी माझ्या पुढे दोन पावले जाई. तीनदा सांगूनही सुधारणा होईना, तेव्हा मी तिला भिंतीशी उभे केले आणि वर्गादेखत म्हणालो, “तुला लयच नाही.” ती काही बोलली नाही. नवीन गावात, नवीन वर्गात, ते मूल काय बोलणार?

त्याच सायंकाळी कोप्यांवरून जाताना ती मला दिसली. आई फडावरून परतलेली नव्हती. मांडीवर धाकटा भाऊ घेऊन ती त्याला थोपटीत होती. एक थाप लवकर नाही, एक थाप उशिरा नाही. भावाचे डोळे मिटू लागले तशी तिने लय हळूहळू उतरविली, आणि तो झोपल्यावर हात तसाच पाठीवर ठेवला. विलंबित लय म्हणजे काय, हे मी पट्टीने जे शिकवू शकलो नव्हतो, ते ती मुलगी रोज करीत होती.

मग वर्गात तिचे का बिघडले? कारण चूक माझ्या पट्टीची होती. मोठ्या माणसाने सहज टाळी वाजविली तर ती मिनिटाला शंभराच्या आसपास पडते. चार-पाच वर्षांच्या मुलाची टाळी त्याहून पुष्कळ जलद असते. पावलांचेही तसेच. आखूड पायांचे पाऊल लवकर पडते. त्यात संथ चालणे म्हणजे प्रत्येक पावलाला क्षणभर एका पायावर तोल सांभाळणे. लहान मुलाला ते धावण्यापेक्षा अवघड जाते. हाताने थोपटताना तोलाचा प्रश्नच नसतो. म्हणून संथ लय प्रथम हाताला द्यावी, पायाला मागाहून.

जीनिव्हा येथील संगीतशिक्षक जाक-दालक्रोझ (१८६५–१९५०) यांना याच जातीचा अनुभव आला होता. त्यांचे विद्यार्थी संगीत कागदावर बिनचूक लिहीत, पण ठोका अंगात नसे. तेव्हा त्यांनी विद्यार्थ्यांना बाकांवरून उठवून चालावयास लावले. अलीकडे, २००९ साली, जर्मनीतील लाइपझिगच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांना त्यांनी ढोलाची साथ करावयास सांगितली. साथीला कधी यंत्र होते, कधी समोर बसलेला माणूस. माणसाबरोबर वाजविताना मुलांचा ठोका अधिक जुळला. ध्वनिक्षेपकावर गाणे लावून आपण बाजूला हजेरीपट भरीत बसतो, त्या सवयीविषयी यातून काय निघते ते मी सांगावयास नको.

आता प्रत्यक्ष काय करावे? पहिला नियम हा की, मुलाने आपला ठोका धरण्यापूर्वी आपण त्याचा धरावा. मुलाला अंगणात हवे तसे चालू द्यावे, आणि त्याच्या पावलाबरोबर आपण टाळी द्यावी. चार-सहा पावलांत त्याच्या ध्यानी येते की, गुरुजी आपल्या मागे आहेत. ते हसते, मुद्दाम थांबते. आपली टाळीही थांबावी. पुन्हा चालते, टाळी पुन्हा सुरू. काही दिवसांनी अदलाबदल करावी. ज्या मुलाला आपली भाषा नीट कळत नाही, त्यालाही हा खेळ समजतो.

दुसरा खेळ थोपटण्याचा. चिंध्यांची बाहुली मांडीवर घेऊन सर्वांनी एका लयीत थोपटावे. बाळ जागे आहे, पेंगते आहे, झोपले, अशी लय उतरवीत न्यावी. हा खेळ कोणी शिकविला ते आपण जाणताच.

तिसरा आपल्या मुलुखाचा. उसाने भरलेली गाडी कारखान्याकडे जाते आणि रिकामी गाडी अड्ड्यावरून परतते, यांतला फरक येथील प्रत्येक मुलाने पाहिला आहे. दोन मुले बैल, एक गाडीवान. गुरुजींच्या हाती घुंगरांची माळ. भरलेल्या गाडीला घुंगरू संथ, रिकामीला जलद. येथे एक खोच आहे. मुले मोठा आवाज आणि जलद लय यांची गल्लत करतात. जोरात वाजविले की धावू लागतात. म्हणून कधी संथ पण खणखणीत वाजवावे, कधी जलद पण अगदी हळू. ही गल्लत सुटावयास दिवस लागतात. घाई करू नये.

लेझीम मला प्रिय आहे, पण पहिलीच्या मुलाच्या हाती ती देऊ नये असे माझे मत आहे. हाताची हालचाल वेगळी, पायाची वेगळी, वर वाकणे आणि उठणे. ठोका पक्का होण्यापूर्वी हे सारे आले तर मूल केवळ शेजाऱ्याकडे पाहू लागते. त्याऐवजी आषाढवारीकडे पाहावे. सोपानकाकांची पालखी सासवडहून निघून आपल्या या भागातून जाते, तुकोबांची बारामतीहून काटेवाडी, इंदापूरकडे. पाउली खेळणाऱ्या दिंडीत बापाच्या खांद्यावर बसलेले मूल टाळाबरोबर टाच हलवीत असते. त्याला कोणी ‘एक—दोन’ म्हटलेले नसते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम मांडले, तेव्हा महागड्या साधनांऐवजी आसपासच्या वस्तूंवर भर दिला. घुंगरांची एक माळ आणि चिंध्यांची बाहुली यांसाठी तेव्हा कोणाच्या मंजुरीची वाट पाहू नये.

त्या मुलीला मी दुसऱ्याच दिवशी रांगेत परत घेतले आणि थोपटण्याचा खेळ तिच्याकडूनच सर्वांना शिकविला. पट्टा पडेपर्यंत, सुमारे दोन महिने, ती आमच्या वर्गात होती. शेवटच्या आठवड्यात ती ‘बैल’ न होता गाडीवान झाली, आणि गावातील मुलांना तिने आपल्या लयीत चालविले. पुढे ती कोठे गेली, कोणत्या शाळेत बसली, याचा पत्ता मला लागला नाही.

बोलणे पुरे झाले. बाके मागे सारून घ्या आणि दोघादोघांच्या जोड्या करा. भरलेली गाडी आधी चालवू.