कर्णनाद आणि आपण



बाहेर सारे निःशब्द असता आपल्याच कानांत रातकिडे किरकिरत राहावेत, हा अनुभव आमच्यापैकी अनेकांचा आहे. तो आम्ही घरीदेखील सांगत नाही. लोक वेड्यात काढतील अशी भीती वाटते. वस्तुतः सुश्रुतसंहितेने कर्णनादाची गणना कानाच्या २८ रोगांत केली आहे. वय, यंत्रांचा गोंगाट, कानातील मळ वा काही औषधे यांमुळे ऐकण्यात उणीव येते आणि बहुधा ती मेंदूच स्वतःच्या नादाने भरून काढतो.

कानांत तेल घालून वाट पाहू नये. नाद एकाच कानात असेल वा नाडीच्या ठेक्यावर उमटत असेल, तर कानाच्या डॉक्टरांना दाखवावे. ऐकू येणे एकाएकी कमी झाले, तर त्याच दिवशी. नाद समूळ जाईलच असे नाही. परंतु श्रवणयंत्र, मंद पार्श्वध्वनी आणि विचार व सवयी बदलण्याचे मानसोपचार यांनी पुष्कळांचा जाच हलका होतो.

परप्रांतात आम्ही पन्नास वर्षे एकमेकांस मराठी बोल ऐकवले. कानांमुळे मंडळाच्या बैठका टाळू लागलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांचे मौनही आता ऐकू या.