पावसात सायकलवरची कामे

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



अशा प्रसंगी शिक्षणावर मोठमोठी भाषणे होतात. मी मात्र एका लहान विषयावर बोलणार आहे. पावसाळ्यात आपण मुलांना सायकलवर घरच्या कामाला पाठवतो, त्याविषयी. विषय लहान खरा, पण त्यात एखाद्याचा हात-पाय मोडू शकतो.

रत्नागिरीकडच्या पावसाची ओळख तुम्हाला करून द्यायला नको. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. रस्ते उताराचे आणि कडेच्या जांभ्यावर शेवाळ.

१९७५ च्या जुलैत मी सातवीत होतो. दादीला खोकल्याचे औषध चालू होते. त्या काळी दवाखान्यात बाटली घरून न्यावी लागे. कंपाउंडर तीत औषध भरी आणि डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवून देई. बाटली सकाळीच रिकामी झाली होती, पण घरात आठवण झाली ती दिवेलागणीला. अब्बा म्हणाले, “पळ, दवाखाना बंद होईल!” मी तासाच्या भाड्याने सायकल घेतली, म्हणजे भाड्याचीही घाई. परतताना उतारावर ब्रेक दाबले, सायकल थांबेना. वळणावर ते आणखी आवळले आणि चाक घसरले. गुडघा फुटला, बाटलीही फुटली. दादी रात्रभर खोकत राहिली. अब्बा रागावले नाहीत. जखमेवर हळद दाबताना एवढेच म्हणाले, “चूक माझी. सकाळी सांगायला हवे होते.”

पालकहो, हेच मला आज सांगायचे आहे. पावसातली घाई रस्त्यावर सुरू होत नाही, ती घरात सुरू होते. काम वेळेवर सांगा. “सावकाश ये, उशीर झाला तरी चालेल,” एवढे शब्द सोबत द्या. पाऊस फार असेल, तर काम उद्यावर टाका. आणि वर्षातून एकदा, मृगाच्या आधी, सायकलचे ब्रेकचे रबर बदलून द्या. कामे मुलाला सांगता, तशी मुलीलाही सांगा. सायकल दोघांनाही यायला हवी.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमचे काम. ओल्या रिमवर पाण्याचा पातळ थर असतो. त्यावरून रबर घसरते. चाकाचे काही फेरे होऊन ते पाणी पुसले जाते, तेव्हा कुठे ब्रेक धरतो. म्हणून उतार लागण्यापूर्वीच दोन्ही ब्रेक हलके दाबत राहा. वेग वळणाआधी कमी करा, वळणात नव्हे. साचलेल्या पाण्यात खड्डा किती खोल आहे ते दिसत नाही, तेव्हा तिथे उतरून चाला. गटाराची लोखंडी झाकणे आणि रस्त्यावरचे रंगाचे पट्टे ओले झाले की निसरडे होतात. एका हातात छत्री धरली, तर एकच ब्रेक हाती उरतो. छत्री घरी ठेवा, रेनकोट घाला. त्याची टोपी डोळ्यांवर येऊ देऊ नका. त्याचा घोळ किंवा ओढणी चाकात जाणार नाही, असे आवरून बसा. पिशवी हँडलला अडकवू नका, मागे कॅरिअरवर घट्ट बांधा. घरी आल्यावर चेन फडक्याने कोरडी करून दोन थेंब तेल सोडा.

मित्रांनो, घरचे काम करणे हेही शिक्षणच आहे. औषध, पीठ, भाजी आणून देणारा मुलगा घराचा भार उचलायला शिकतो. पण आणलेल्या औषधापेक्षा आणणारा मोलाचा आहे, हे आपण मोठ्यांनी विसरू नये.