माझ्या याडीची बोली
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. सभेत उभी राहून बोलण्याचा हा पहिलाच प्रसंग. मुलांना वळण कसे लावावे, ह्यावर चार शब्द बोला, असे मला सांगण्यात आले. पुस्तकातले मला ठाऊक नाही. माझ्या घरात घडले तेच सांगते, आणि त्यात चूक माझीच आहे.

माझे माहेर पुसद तालुक्यातल्या एका तांड्यावर. आम्ही गोरमाटी, म्हणजे बंजारा. आईला आम्ही 'याडी' म्हणतो. पूर्वी आमचे लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. आगगाडी आली, सडका झाल्या, आणि तो धंदा बसला. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा डाग आमच्यातल्या पुष्कळांना लागला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला.

तांड्यावर मूल एकट्या आईचे नसे. ज्या घरी भूक लागली त्या घरी जेवावे. ज्या बाईने चूक पाहिली तिने कान धरावा. याडीने मला कधी मारले नाही. कशिदा शिकवताना टाका चुकला, तर ती नुसता उसवून हातात देई. पुन्हा घाल, एवढेच.

शाळेत पहिल्याच वर्षी, काय खाऊन आलीस, असे विचारले. मी म्हटले, "बाटी." आम्ही भाकरीला बाटी म्हणतो. सारा वर्ग हसला. आमच्याच तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत मुख्यमंत्री होते. पण म्हणून माझ्या वर्गातले हसू थांबले नाही. सातवीनंतर शाळा लांब पडली, ती सुटली. ते हसू मात्र मनातून गेले नाही.

लग्न होऊन ह्या गावात आले, मुले झाली. तेव्हा मनाशी ठरवले, आपल्या मुलांना कोणी हसता कामा नये. घरात गोरबोली बंद केली. धनी म्हणाले, "दोन्ही शिकू दे की!" मी ऐकले नाही.

चार वर्षांपूर्वी याडी आमच्याकडे आली. अंगात फेटिया-कांचळी, आरशांचे काम केलेली. त्याच दिवशी मुलीच्या मैत्रिणी यायच्या होत्या. मुलगी कानाशी येऊन म्हणाली, "आई, आजीला आत बसव ना." आणि भगिनींनो, मी बसवले! गोधड्यांच्या खोलीत, माझ्या जन्मदात्रीला. बाहेर पोरी हसत होत्या, आत याडी भिंतीकडे पाहत होती. ती मला काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेली.

त्या रात्री मला झोप आली नाही. मुलीवर रागवावे तरी कशी? लाज तिला कोणी शिकवली? मीच. आजी आणि नात समोरासमोर बसल्या, तरी दोघींत एक शब्द नव्हता. आमच्या बोलीला स्वतःची लिपी नाही. इकडे ती देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगू अक्षरांत. ती जगते ती आयांच्या तोंडी. आईने तोंड मिटले की घरातून ती गेलीच.

पुढच्या श्रावणात तीजेला मुलीला घेऊन तांड्यावर गेले. कुमारिका टोपलीत माती घालून गहू पेरतात आणि रोज गाणी म्हणत पाणी घालतात. याडीने नातीच्या हाती टोपली दिली. माझी पोर गाण्याचा एकही शब्द न कळता इतरांच्या तोंडाकडे पाहत उभी होती. मग याडी एकेक शब्द म्हणे, आणि ती मागून म्हणे. चुकली की याडी पुन्हा म्हणे. उसवलेला टाका असाच पुन्हा घालायचा असतो.

आता मुलगी आजीशी फोनवर बोलते, अडखळत का होईना. धाकटा अजून लाजतो. त्याची वाट मी पाहीन.

मंडळाला एकच विनंती. हळदीकुंकवाला तांड्यावरच्या बायांना बोलवा, पुढच्या सतरंजीवर बसवा. आणि कोणाचे मूल 'बाटी' म्हणाले, तर आपल्या मुलांना हसू देऊ नका. आणखी दोन भाकऱ्या वाढा.